कार्बन फायबरच्या पोटातलं ऐकताना: अल्ट्रासॉनिक लहरींच्या सिम्युलेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी येणारी मुलं, कॉम्पोझिटचे (तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या पदार्थाचे) पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांतले तपासणीवाले, आणि दर दिवाळीत "तू नक्की करतोस तरी काय?" असं विचारणारे नातेवाईक. या तिघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोक अडकतात तिथे मी रेंगाळलो आहे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच प्लेट धरली आहे: ५०० मिमी लांब, ५०० मिमी रुंद, २ मिमी जाड, कार्बन फायबर आणि इपॉक्सीची (म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या रेझिनची), प्रत्येकी ०.१२५ मिमीच्या १६ थरांची.

थोडक्यात सांगा, हा काय प्रकार आहे?

माठ घेताना आपण त्याला टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये आजही हे चालतं. नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन पॅनेलवर टकटक करत जायचं आणि जिथे आवाज बसका येईल तिथे खडूने खूण करायची. त्याला कॉइन टॅप टेस्ट म्हणतात. आम्ही तीच टिचकी सेकंदाला लाखभर कंपनांच्या हिशेबाने मारतो, कान म्हणून पिझो चकत्या (कंपनाची वीज आणि विजेचं कंपन करणाऱ्या) चिकटवतो, आणि हे सगळं आधी संगणकात करून बघतो. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. आमचं काम साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये चालतं. शाळेच्या पुस्तकात याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र तो शब्द मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

कॉम्पोझिटचेच एवढे लाड कशाला? ॲल्युमिनियमलाही तडे जातातच की.

जातात, पण ॲल्युमिनियमवर पाना पडला तर खड्डा पडतो आणि तो दिसतो. कार्बन फायबरवर तोच पाना पडला तर वरचा पृष्ठभाग बहुतेक वेळा जसाच्या तसा राहतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. यालाच डीलॅमिनेशन म्हणतात. चिरोट्याचे पदर सुटले की सुगरणीचं कौतुक होतं, विमानाच्या पंखाचे सुटले की चौकशी बसते. गंमत अशी की ओढून बघितलं तर असा तुकडा बऱ्यापैकी ताकद दाखवतो. दाबल्यावर मात्र सुटलेले पातळ थर एकेकटे वाकतात आणि पॅनेल अपेक्षेपेक्षा खूप आधी मोडतं. म्हणून या क्षेत्रात "जेमतेम दिसणारं आघात-नुकसान" ही स्वतंत्र वर्गवारीच आहे. गारा, धावपट्टीवरचे खडे, मेकॅनिकच्या हातून निसटलेली हत्यारं ही त्याची नेहमीची कारणं.

बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाच्या सुमारे ५० टक्के भाग कॉम्पोझिटचा आहे, आपल्या तेजसमध्ये सुमारे ४५ टक्के. म्हणजे हा आता कोपऱ्यातल्या एखाद्या झाकणाचा प्रश्न उरलेला नाही. ६ मार्च २००५ रोजी क्युबातल्या वाराडेरोहून क्वेबेककडे निघालेल्या एअर ट्रान्झॅटच्या एअरबस ए३१० विमानाचं रडर, म्हणजे शेपटीवरचं कॉम्पोझिटचं सुकाणू, हवेतच निखळलं. विमान परत फिरून सुखरूप उतरलं. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासाअंती जे मुद्दे मांडले त्यात एक हाही होता की अशा रडरसाठी शिफारस केलेली तपासणी नुकसान वेळेत पकडायला अपुरी असू शकते.

हॉस्पिटलमधल्या सोनोग्राफीसारखंच ना?

अर्धं. सोनोग्राफीसारखी पद्धत कॉम्पोझिटसाठीही आहे, तिला सी-स्कॅन म्हणतात. मेगाहर्ट्झमधली नाडी (पल्स, म्हणजे लहरीचा छोटा झटका) जाडीच्या दिशेने आत सोडायची, प्रतिध्वनी मोजायचा, प्रोब एखादा मिलिमीटर सरकवायचा आणि पुन्हा तेच. चित्र उत्तम येतं. पण जेल किंवा पाणी लागतं, प्रत्येक जागेवर प्रोब न्यावा लागतो, आणि अख्खा पंख असा तपासायचा म्हणजे विमान जमिनीवर उभं ठेवावं लागतं.

आम्ही वापरतो त्या लहरी प्लेटच्या पातळीत, लांबीच्या दिशेने पळतात. एका जागी चिकटवलेली १० मिमीची चकती आजूबाजूचा कित्येक सेंटिमीटरचा भाग एका फटक्यात चाचपते. बदल्यात मिळणारा सिग्नल वाचायला महाकठीण. सिम्युलेशनची सगळी गरज या शेवटच्या वाक्यातून उगवते.

लॅम्ब लहरी म्हणजे काय?

प्लेटच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांमध्ये कोंडून पुढे जाणाऱ्या लहरी. होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये त्यांचं गणित मांडलं. दोष शोधायला त्या वापरता येतील हे प्रयोगाने पुढे यायला १९६१ उजाडावं लागलं.

आपल्या प्लेटमध्ये १०० किलोहर्ट्झला दोन मुख्य प्रकार दिसतात. एस-शून्य: प्लेट जणू लांबीच्या दिशेने आखडते-ताणते. वेग सुमारे ५,८०० मीटर प्रति सेकंद, तरंगलांबी ५८ मिमीच्या आसपास. ए-शून्य: झटकलेल्या चादरीसारखी प्लेट वर-खाली वळते. फेज वेग (म्हणजे एकेका शिखराचा वेग) सुमारे १,२००, तरंगलांबी १२ मिमी. छोटं नुकसान हुडकायला छोटी तरंगलांबी बरी, म्हणून बहुतेक लोक ए-शून्य निवडतात. ती विरतेही लवकर, हा तिचा दोष.

त्यात आणखी दोन भानगडी आहेत. पहिली, वेग वारंवारतेनुसार बदलतो, त्यामुळे सोडलेली नाडी जाता जाता पसरते. म्हणूनच एकच तीक्ष्ण टिचकी न मारता पाच आवर्तनांची, दोन्ही टोकांना निमुळती केलेली नाडी सोडतात. दुसरी, कॉम्पोझिटमध्ये वेग दिशेनुसारही बदलतो. सगळे तंतू एकाच दिशेने असतील तर लहरीचं वर्तुळ उरत नाही, ते तंतूंच्या दिशेला लांबुळकं होतं. शिवाय ऊर्जा नेहमी शिखराच्या काटकोनातच जाईल याचीही हमी नाही, ती तंतूंकडे कलते. ॲल्युमिनियमवर शिकलेल्या माणसाला इथे पहिला दणका बसतो.

मग सरळ प्लेट आपटा, मोजा. संगणकाची मध्यस्थी कशाला?

कारण आपटलेली प्लेट परत पूर्ववत होत नाही. एका प्लेटवर एकच नुकसान, तेही मनासारखं घडेलच असं नाही. मला जर विचारायचं असेल की हेच डीलॅमिनेशन चौथ्या थराऐवजी सहाव्या थराखाली असतं तर सिग्नल किती बदलला असता, तर प्रयोगात त्यासाठी नवी प्लेट, नवे सेन्सर, नवा गोंद लागतो. आणि बदल डीलॅमिनेशनमुळे झाला की गोंदामुळे यावर दोन दिवस वाद. संगणकात एक आकडा बदलायचा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रयोगात फक्त पृष्ठभाग दिसतो. लेझर व्हायब्रोमीटर कितीही महागडा घ्या, तो वरच्या कातडीची हालचाल सांगतो. सहाव्या आणि सातव्या थरांमध्ये लहर काय करतेय हे फक्त मॉडेल दाखवतं.

कोणती पद्धत वापरायची?

यावर लोक भांडतात. माझं मत सांगतो.

सुरुवात फायनाइट एलिमेंटने करा, म्हणजे प्लेटचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडायचे आणि त्यांच्या कोपऱ्यांवर (नोडवर) हिशेब करायचा. सॉल्व्हर एक्स्प्लिसिट घ्या, म्हणजे वेळेत एकेक छोटं पाऊल टाकत जाणारा. कॉलेजात परवाना असतो, चुकलात तर सांगणारे चार जण भेटतात, आकार वाकडातिकडा असला तरी चालतो. फायनाइट डिफरन्स आणि तिची चुलत बहीण ईफिट सरळ चौकटीच्या जाळीवर चालतात, वेगवान असतात, स्वतः लिहायला सोप्या असतात आणि ग्राफिक्स कार्डवर छान बसतात. अमेरिकेतल्या नासा लँगली केंद्रात कॉम्पोझिटसाठी ईफिटवर बरंच काम झालेलं आहे. स्पेक्ट्रल एलिमेंट ही १९८४ मध्ये द्रवगतिकीसाठी निघालेली पद्धत. भूकंपाच्या लहरी मोजणाऱ्यांनी ती पुढे आपलीशी केली. कमी नोडमध्ये अचूकता देते, पण शिकायला वेळ घेते. सेफ नावाची एक पद्धत आहे, ती फक्त जाडीच्या दिशेने एलिमेंट पाडते आणि लांबीच्या दिशेला गणिताने निपटते. निरोगी प्लेटमध्ये कोणत्या लहरी कोणत्या वेगाने जातील हे ती काही सेकंदांत सांगते. नुकसान मात्र तिच्यात सहज बसत नाही.

जाळी किती बारीक हवी? "तरंगलांबीला दहा नोड" पुरतात ना?

हा नियम प्रत्येक प्रबंधात सापडतो आणि निम्म्या लोकांना तोच गोत्यात आणतो.

आधी हिशेब. ए-शून्याची तरंगलांबी १२ मिमी, दहा नोड म्हणजे १.२ मिमीची जाळी. साध्या द्वितीय कोटीच्या (सेकंड ऑर्डर) पद्धतीत एवढ्या जाळीवर वेगाची चूक दीड टक्क्यापर्यंत जाऊ शकते. दीड टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण ३०० मिमी अंतरात अशा २५ लाटा बसतात, आणि २५ लाटांवरचा दीड टक्का म्हणजे जवळजवळ ०.४ लाट. शिखराच्या जागी दरी आली समजा. वीस नोड घेतले की चूक चौपट कमी होते.

आता लोक विसरतात ती गोष्ट. लहर डीलॅमिनेशनवर चढते तेव्हा ती २ मिमीच्या प्लेटमध्ये नसते. चौथ्या थराखाली फट असेल तर वर फक्त ०.५ मिमीचा पापुद्रा आहे. वाकण्याची लहर पातळ पापुद्र्यात हळू चालते; तिथे ए-शून्याचा वेग सुमारे ७०० मीटर प्रति सेकंदावर येतो आणि तरंगलांबी ७ मिमीवर. जाळी ठरवायची ती या ७ मिमीवरून, १२ वरून नाही. १.२ मिमीची जाळी इथे एका लाटेला सहा नोडही देत नाही, म्हणजे जे बघायला आलो नेमकं तेच धूसर. मी या प्लेटसाठी ०.५ मिमी घेतो.

जाडीच्या दिशेला थरागणिक एक एलिमेंट बहुतेक वेळा चालतो. पण फट पहिल्याच थराखाली असेल तर त्या एकुलत्या थराला तीन-चार एलिमेंट द्या. रिड्यूस्ड इंटिग्रेशनवाल्या (हिशेब एकाच मध्यबिंदूवर उरकणाऱ्या) एका एलिमेंटला वाकण्याचा विरोध म्हणजे काय हे माहीतच नसतं.

आणि टाइमस्टेप, म्हणजे वेळेतलं एक पाऊल?

एका पावलात लहरीने जाळीच्या एका घराच्या पलीकडे उडी मारता कामा नये. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये घातलेली ही अट आहे. तंतूच्या दिशेला सर्वांत वेगवान लहर ९,००० मीटर प्रति सेकंदाच्या वर जाते, आणि जाडीच्या दिशेला घर अवघं ०.१२५ मिमीचं. दोन्ही बघून मी २० नॅनोसेकंद धरतो. अट मोडली तर काळजी नको, कळतंच: पन्नासेक पावलांत विस्थापन प्रकाशवर्षांत जातं.

माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

हिशेब करा. १००० गुणिले १००० गुणिले १६, म्हणजे एक कोटी साठ लाख एलिमेंट. २०० मायक्रोसेकंद बघायचे तर १०,००० पावलं. विस्थापन, वेग, त्वरण एवढंच साठवायला सव्वा जीबी मेमरी. सॉल्व्हर त्याच्यावर स्वतःचा संसार थाटतो तो वेगळा. आठ कोअरच्या वर्कस्टेशनवर हे रात्री लावून सकाळी बघायचं काम आहे. ग्राफिक्स कार्डवर लिहिलेल्या कोडला बराच कमी वेळ लागतो. लॅपटॉपवर आधी द्विमितीय छेद चालवा. शिकायचं ऐंशी टक्के तिथेच शिकून होतं.

एक व्यवहाराची गोष्ट: प्रत्येक पाऊल डिस्कवर लिहू नका. फक्त वरचा पृष्ठभाग, दर ०.५ मायक्रोसेकंदाला. नाहीतर सकाळी निकालाऐवजी "डिस्क भरली" एवढंच हाती लागतं.

पदार्थाचे आकडे कुठून आणायचे?

इथे सगळ्यांची गाडी अडते. एका थराला तंतूच्या दिशेला सुमारे १३० गिगापास्कल ताठरपणा, आडव्या दिशेला जेमतेम ९-१०. पुरवठादाराच्या पत्रकात चार आकडे मिळतात, कारण डिझायनरला तेवढेच लागतात. लहरीला मात्र जाडीच्या दिशेचा शिअरही (थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध) लागतो, ए-शून्य तर त्याच्यावरच चालते. एकाच दिशेच्या थराला पाच स्वतंत्र स्थिरांक पुरतात. पत्रकातल्या चारांत पाचवा नसतो. लोक मग जुन्या शोधनिबंधातून कुणाच्या तरी वेगळ्याच रेझिनचा आकडा उचलतात आणि लहर पाच टक्के चुकते.

माझा मार्ग असा: निरोगी प्लेटवर वेगवेगळ्या दिशांना आणि वारंवारतांना वेग मोजा, सेफ किंवा तत्सम कोडने तेच वेग काढा, आणि स्थिरांक हलवत हलवत दोन्ही जुळवा. कंटाळवाणं आहे, पण हे न करता पुढे गेलात तर पुढची सगळी भांडणं खरं तर याच आकड्यांशी असतात.

मॉडेलमध्ये नुकसान कसं घालतात?

सोपा मार्ग म्हणजे दोन थरांमधल्या एका गोल भागातले नोड दुहेरी करायचे. वरच्या एलिमेंटला एक नोड, खालच्याला त्याच जागेवरचा दुसरा. जोड तुटली, फट तयार.

याबाबत माझीच फजिती सांगतो. एका कामात २० मिमीचं डीलॅमिनेशन असंच घातलं. निकाल आला: लहर त्याच्यावरून अशी गेली जणू तिथे काहीच नाही. आम्ही हुरळलो. "या खोलीवरच्या नुकसानाला ए-शून्य आंधळी असते" या विषयावर आठवडाभर फळ्यावर गणितं झाली, एका मुलाने तर सारांशही लिहायला घेतला. शेवटी फट उघडते का बघावं म्हणून वरच्या आणि खालच्या नोडचं विस्थापन वजा केलं. बरोब्बर शून्य. मेश (जाळी) इंपोर्ट करताना सॉफ्टवेअरने एकाच जागेवरचे नोड "नीटनेटके" करून पुन्हा एकत्र केले होते. तिथे खरोखरच काही नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: लहर सोडण्याआधी फटीच्या दोन्ही बाजू स्थिर बलाने ओढून बघायच्या. उघडली पाहिजे.

सोपा मार्ग पुरेसा खरा आहे का? नाही. खरा आघात गोल, सपाट, एकच फट करत नाही. वेगवेगळ्या थरांच्या सांध्यांवर शेंगेच्या आकाराची अनेक डीलॅमिनेशन होतात, तंतूंच्या कोनाप्रमाणे ती जिन्यासारखी फिरत जातात आणि मागच्या बाजूकडे रुंद होतात. मध्ये रेझिनच्या भेगा त्यांना जोडतात. लँगलीच्या गटाने एक्स-रे सूक्ष्म सीटीतून काढलेला असा खरा आकारच मॉडेलमध्ये उतरवला, आणि त्या दिशेने जायला हवं असं माझं ठाम मत आहे. प्रयोगवालेही याच पापाचे धनी आहेत बरं का: थरांमध्ये टेफ्लॉनची फिल्म ठेवायची आणि तिला डीलॅमिनेशन म्हणायचं. टेफ्लॉनला दोन्ही बाजूंनी थर चिकटून बसलेले असतील तर लहर बरीचशी पार होते.

डीलॅमिनेशनवर गेल्यावर लहरीचं नक्की होतं काय?

बघण्यासारखं दृश्य आहे. सपाट पुढे येणारी लाट फटीच्या कडेला पोचते आणि दुभंगते. काही वरच्या पापुद्र्यातून हळू, काही खालच्या जाड भागातून जरा वेगाने. पलीकडच्या कडेला दोघी भेटतात तेव्हा त्यांची पावलं जुळत नाहीत. त्या विसंवादातून परतणाऱ्या आणि बाजूला फेकल्या जाणाऱ्या लहरी निघतात. वरच्या पापुद्र्यातली थोडी ऊर्जा बाहेर पडूच शकत नाही. ती कडेवरून कडेवर आपटत राहते. मुख्य लाट कधीच निघून गेलेली असते, अख्खी प्लेट शांत होत असते, आणि ती एकच जागा गॅस बंद केल्यावरही बुडबुडत राहणाऱ्या आमटीसारखी हलत असते. सगळ्या वेळेची ऊर्जा बेरीज करून चित्र काढलं की तो डाग आपोआप उजळतो. त्या डागातली तरंगलांबी मोजली तर पापुद्रा किती जाड, म्हणजे फट किती खोल, हेही निघतं.

मर्यादा दोन. वरचं डीलॅमिनेशन खालच्यांना झाकून टाकतं, त्यामुळे वरून बघणाऱ्याला पहिलाच मजला दिसतो. आणि एस-शून्य बरोबर मध्यभागी असलेल्या फटीला जवळजवळ ओळखतच नाही, कारण सममित प्लेटमध्ये (मध्याच्या दोन्ही बाजूंना थर आरशासारखे असतील तर) तिथे तिचा शिअर ताण शून्य असतो. "आमच्या सेन्सरला काही दिसलं नाही" हे वाक्य ऐकलं की कोणती लहर वापरली हे आधी विचारावं.

प्लेटच्या कडेवरून परतणाऱ्या लहरी चित्र बिघडवतात. काय करू?

प्रयोगाशी तुलना करायची असेल तर राहू द्या, खऱ्या प्लेटलाही कडा असतात. नको असतील तर कडेला हळूहळू वाढत जाणाऱ्या डँपिंगचा (लहर विरवण्याचा) पट्टा लावा. एकदम वाढवलंत तर तो पट्टाच भिंत बनून लहर परत पाठवतो.

डँपिंग किती धरायचं?

मोजून. रेझिनमुळे लहर विरते आणि ते विरणं दिशेनुसार, वारंवारतेनुसार बदलतं. डँपिंग शून्य ठेवलेली मॉडेलं दिसायला फार देखणी असतात: दूरच्या सेन्सरलाही नुकसान ठळक ऐकू येतं. खऱ्या प्लेटवर तोच सिग्नल गोंगाटात बुडालेला असतो. सेन्सर किती अंतरावर बसवायचे हे अशा देखण्या मॉडेलवरून ठरवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. नंतर चकत्या उकरून पुन्हा चिकटवाव्या लागल्या.

सिम्युलेशन बरोबर आलं हे कसं ओळखायचं?

नुकसान घालण्याआधी. निरोगी प्लेट चालवा, एका रेषेवरचे सिग्नल घ्या, वेळ आणि जागा दोन्ही अक्षांवर फूरिए रूपांतर करा, म्हणजे सिग्नल त्यातल्या वारंवारता आणि तरंगलांबी यांनुसार सुटा करा. १९९१ मध्ये ॲलेन आणि कॉली यांनी लॅम्ब लहरींसाठी ही युक्ती मांडली. प्रत्येक लहर एका रेघेच्या रूपात वेगळी उमटते. त्यावर सिद्धांतातून आलेल्या रेघा ठेवा. जुळल्या तर पुढे जा. मग जाळी निम्मी करा. उत्तर हललं तर पहिली जाळी जाड होती. आणि लगेच प्रयोगाशी भिडवा.

स्वतःचा प्रयोग नसेल तर ओपन गाइडेड वेव्हज नावाचा मोफत डेटा आहे. आपली उदाहरणाची प्लेट मी मुद्दाम त्याच मापाची घेतली: ५०० बाय ५०० बाय २ मिमी, १२ पिझो चकत्या, चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीने केलेलं नकली नुकसान, आणि २० ते ६० अंश सेल्सिअस तापमानातले सिग्नल.

तापमानाचा एवढा बाऊ का करतात?

कारण बरीचशी यंत्रणा "कालचा सिग्नल वजा आजचा सिग्नल" यावर चालते. उरलं ते नुकसान. आता समजा ऊन चढलं, रेझिन जरा मऊ झालं आणि वेग १ टक्क्याने उतरला. ३०० मिमी अंतर कापायला ए-शून्याच्या शिखराला २५० मायक्रोसेकंद लागतात, त्यात २.५ ची भर पडली. १०० किलोहर्ट्झचं आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे पाव आवर्तनाचा फरक. वजाबाकी केल्यावर जे उरतं ते मूळ सिग्नलपेक्षाही मोठं असतं! प्लेट धडधाकट, फक्त दुपार झाली. उपाय आहेत: वेगवेगळ्या तापमानांचे जुने सिग्नल साठवून जवळचा निवडायचा, किंवा सिग्नल वेळेच्या अक्षावर थोडा ताणून जुळवायचा. सिम्युलेशनमध्ये तापमान घालणारे कमी आणि "९९ टक्के अचूकता" लिहिणारे जास्त, ही माझी जुनी तक्रार आहे.

सिम्युलेशनचा डेटा देऊन मशीन लर्निंग शिकवता येईल?

येईल, आणि सध्या दर दुसरा प्रोजेक्ट तोच असतो. पण एकाच जाळीवरचे, शून्य गोंगाटाचे, गोल फटींचे हजार सिग्नल दिलेत तर ते मॉडेल गोल फटीच शिकेल. स्थिरांक, डँपिंग, तापमान, गोंदाची जाडी, फटीचा आकार, सगळं हलवा. आणि चाचणी खऱ्या प्लेटवरच घ्या.

पवनचक्कीच्या पात्याला हेच लागू पडतं का?

साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर उभं राहिलं की हा प्रश्न पडणारच. तत्त्व तेच, आकडे वेगळे. पाती मुख्यतः काचतंतूंची, मुळाशी खूप जाड, आणि कवचात बाल्सा लाकूड किंवा फोमचा गाभा. गाभा लहर शोषून घेतो, म्हणून वारंवारता खाली आणावी लागते आणि छोटं नुकसान सोडून द्यावं लागतं. वरच्या कातडीचा गाभ्यापासून सुटलेला भाग मात्र चांगला सापडतो, कारण तिथे शोषणारा गाभा बाजूला झालेला असतो आणि लहर उलट जास्त जोरात पुढे येते. ॲल्युमिनियमवाला इथेही चकतो. तो सिग्नल कमी व्हायची वाट बघत बसतो.

खिशाला चाट न लावता सुरुवात कुठून करू?

जर्मन अवकाश संस्थेचं डिस्पर्शन कॅल्क्युलेटर मोफत आहे. थर भरा, स्थिरांक भरा, वेगाच्या रेघा बघा. दोन दिवस नुसतं खेळा. मग सिमसॉनिक हे मोफत फायनाइट डिफरन्स सॉफ्टवेअर घ्या, किंवा स्वतःच दोनशे ओळींचा द्विमितीय कोड लिहा. पहिला प्रयोग ॲल्युमिनियमचा करा, कारण तिथे दोनच स्थिरांक आहेत आणि चूक लपायला जागा कमी. तो जुळला की एकाच दिशेच्या तंतूंची प्लेट, मग १६ थरांची. फट सगळ्यांत शेवटी. आणि लहर सोडण्याआधी ती ओढून बघायची.